सिद्ध वैद्यक: औषधाच्या आधीचे अठ्ठेचाळीस दिवस

सिद्ध वैद्यकाकडे वळणारा मराठी माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: माझ्या दुखण्यावर कोणते औषध? चेन्नईत राहायला आल्यावर मानेच्या दुखण्यासाठी मी पहिल्यांदा एका सिद्ध वैद्यांकडे गेले, तेव्हा माझाही प्रश्न तोच होता. त्यांनी उत्तर देण्याआधी झोप कशी लागते, भूक केव्हा लागते, शौचाला रोज होते का, डोक्याला तेल शेवटचे कधी लावले होते, असे इतके विचारले की औषधाची चिठ्ठी हा त्या भेटीचा सर्वांत लहान भाग ठरला. या वैद्यकात एक जुने तमिळ वचन आहे. त्याचा आशय असा: मुळी पाहा, पाला पाहा, त्याने भागले नाही तरच हळूहळू भस्म आणि सिंदूर पाहा. अनुभवी वैद्य हा क्रम आणखी एक पाऊल मागे नेतात आणि मुळी-पाल्याच्याही आधी ताट, आंघोळ, श्वास आणि झोप पाहतात. नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने लिहिले आहे.

आधी थोडी ओळख

सिद्ध वैद्यक ही तमिळ प्रदेशाची परंपरा आहे आणि तिचे मूळ ग्रंथ तमिळ पद्यात आहेत. परंपरेने अठरा सिद्धर (सिद्ध पुरुष) मानले जातात. अगत्तियर (आपले अगस्त्य), तिरुमूलर, पोगर ही त्यांतली नावे सर्वांच्या तोंडी असतात, तर आहार-विहाराच्या नियमांसाठी तेरैयर यांचा आधार घेतला जातो. तिरुनेलवेलीच्या पश्चिमेचा पोदिगै डोंगर, जिथे ताम्रपर्णी नदी उगम पावते, तो अगत्तियरांचा निवास मानला जातो. मार्गळी या तमिळ महिन्यातील (साधारण डिसेंबर-जानेवारी) आयिल्यम् नक्षत्रावर, म्हणजे आपल्या आश्लेषा नक्षत्रावर, त्यांची जयंती येते आणि तोच दिवस आता सिद्ध दिन म्हणून पाळला जातो.

आयुर्वेद ज्यांच्या घरात आहे त्यांना येथील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील. वळि, अळल् आणि ऐयम् म्हणजे आपले वात, पित्त आणि कफ. सात धातू, सहा रस आणि सहा ऋतूही येथे आहेत. वेगळेपण दोन ठिकाणी ठळकपणे दिसते. एक म्हणजे पारा, गंधक, सोमल यांसारख्या खनिजांचा औषधांतला मोठा वापर, ज्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे. दुसरे म्हणजे बाह्य उपचारांना मिळालेले स्थान. सिद्ध ग्रंथ पोटात घ्यायच्या औषधांचे ३२ प्रकार सांगतात आणि शरीराच्या बाहेरून करायच्या उपचारांचेही ३२ प्रकार सांगतात. शेक, लेप, वाफारा, पुरचुंडी, मर्दन, धुरी, जळवा लावणे, मोडलेले हाड बांबूच्या पट्ट्यांनी बांधणे हे सारे या दुसऱ्या यादीत येते. म्हणजे या शास्त्राची निम्मी यादी गिळायची नाही. हे लक्षात ठेवले, तर ‘औषधाविना उपचार’ हा आजच्या काळाने जोडलेला भाग नसून मूळचाच आहे, हे कळते.

मराठी वाचकाला या परंपरेशी असलेले आपले एक नातेही ठाऊक असावे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारून सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एका छपराखाली आणले. तेथे गुणकारी ठरलेले उपाय तमिळ पद्यात नोंदवून घेण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने ते संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे छापले. एका भोसले राजाने निरनिराळ्या वैद्यांना एकत्र बसवून उपाय पारखून घेतले, ही वृत्ती मला त्या संग्रहाइतकीच मोलाची वाटते.

पहिली पायरी: चालू उपचार जागच्या जागी ठेवावेत

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, अपस्मार, हृदयविकार, दमा किंवा मानसिक आजारासाठी ज्या गोळ्या चालू आहेत त्यांतील एकही, सिद्ध उपचार सुरू केले म्हणून, स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा कमी करू नये. सर्व चालू औषधांची यादी, मागील सहा महिन्यांचे तपासणी अहवाल आणि कोणत्या औषधाचा त्रास झाला होता याची नोंद, असे एकच टाचण तयार करावे. ते दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना दाखवावे. ‘तिकडचे सांगितले तर हे रागावतील’ या भीतीने रुग्ण गप्प राहतात आणि नेमकी तीच माहिती दडून राहते जी दोघांनाही हवी असते.

काही लक्षणे असताना सिद्ध काय, कोणत्याही बाह्य उपचाराच्या मागे न लागता आधी रुग्णालय गाठावे: छातीत दाब किंवा दुखणे, एका बाजूच्या हातापायातील शक्ती अचानक जाणे, तोंड वाकडे होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटण्यासह पाठीचे दुखणे, पडल्यानंतरची असह्य वेदना, कारण नसताना झपाट्याने उतरणारे वजन. पाठदुखीसाठी मर्दन करून घेण्याआधी मणक्याला इजा किंवा गाठ नाही, याची खात्री करून घेण्यात एक आठवडा गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

दुसरी पायरी: वैद्य शोधावा

मराठीत ‘सिद्ध’ हा शब्द फार मोकळेपणाने वापरला जातो. सिद्ध तेल, सिद्ध घृत, सिद्ध पुरुषाचा आशीर्वाद, सिद्ध नाडीपरीक्षण, अशा पाट्या आपल्याकडे दिसतात आणि त्यांतील कित्येकांचा तमिळ सिद्ध वैद्यकाशी काही संबंध नसतो. म्हणून पदवी विचारावी. बी.एस.एम.एस. ही सिद्ध वैद्यकाची पदवी असून तिचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असतो आणि प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून होतो. त्यापुढे एम.डी. (सिद्ध) असते. पदवीधर वैद्याची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. घराण्यातून विद्या मिळालेले, पण नोंदणी नसलेले लोकही भेटतात. त्यांच्यापैकी काहींच्या हातात खरे कसब असते, हे मी नाकारत नाही. तरी केवळ परंपरेच्या आधारावर नोंदणीशिवाय वैद्यकी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे आणि नवख्याने तरी तो धोका पत्करू नये.

प्रवास शक्य असेल तर सरकारी संस्थांपासून सुरुवात करणे उत्तम. चेन्नईच्या ताम्बरम सॅनटोरियम येथील राष्ट्रीय सिद्ध संस्था २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या रुग्णालयाला अयोत्तिदास पंडितर यांचे नाव आहे आणि उपनगरी रेल्वेच्या स्थानकाचे नावही ताम्बरम सॅनटोरियम असेच असल्याने ती सापडायला सोपी आहे. तिथे ‘शिरप्पु मरुत्तुवम्’ नावाचा विभाग आहे. वर्मम् (शरीरावरील ठरावीक स्थाने हाताळून करायचा उपचार), बाह्य उपचार, योग आणि मनोविकार हे विषय याच शाखेत येतात, त्यामुळे औषधाविना उपचार हवे असतील तर हे नाव लक्षात ठेवावे. चेन्नईतच अरुम्बाक्कम येथे शासकीय सिद्ध महाविद्यालय आहे. तिरुनेलवेलीजवळच्या पाळैयंकोट्टै येथील शासकीय महाविद्यालय १९६४ सालचे असून वर्ममच्या मूळ प्रदेशाला ते जवळ पडते. याशिवाय तमिळनाडूतील अनेक सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत सिद्ध विभाग आहे, त्यामुळे कोइम्बतूर किंवा होसूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चेन्नई गाठण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात सिद्ध पदवीधर फार थोडे आहेत. इथून जाणाऱ्यांनी एकदा प्रत्यक्ष तपासणी करून पुढील विचारपूस दूरध्वनीवर होऊ शकेल का, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.

भाषेची अडचण चेन्नईत इंग्रजीवर निभावते. तिरुनेलवेलीकडे मात्र तमिळ जाणणारे कोणी सोबत असावे. निदान चार शब्द पाठ करून जावे: वलि म्हणजे दुखणे, तलैवलि म्हणजे डोकेदुखी, पसि म्हणजे भूक, तूक्कम् म्हणजे झोप. ‘तूक्कम् इल्लै’ (झोप नाही) एवढे म्हटले तरी समोरचा वैद्य पुढचे प्रश्न विचारू लागतो.

तिसरी पायरी: पहिली तपासणी समजून घ्यावी

सिद्ध वैद्य आठ अंगांनी तपासतो. या पद्धतीला एण्वगै तेर्वु म्हणतात आणि तिच्यात नाडी, स्पर्श, जीभ, रंग, आवाज, डोळे, मल आणि मूत्र यांचा समावेश असतो. नाडी मनगटावर तीन बोटांनी पाहतात आणि निरोगी माणसात वळि, अळल् व ऐयम् यांचे प्रमाण एक, अर्धा आणि पाव असे मानले जाते. मूत्रपरीक्षेची एक रीत पाहण्यासारखी आहे: सकाळच्या पहिल्या लघवीच्या नमुन्यावर तिळाच्या तेलाचा एक थेंब सोडतात आणि तो सापासारखा लांब पसरला तर वात, कड्यासारखा झाला तर पित्त, मोत्यासारखा टिकून राहिला तर कफ, असा अर्थ लावतात. ही निरीक्षणे वैद्याला प्रकृती आणि पथ्य ठरवायला मदत करतात. रक्तातील साखर किंवा मूत्रपिंडाचे काम मोजायला मात्र प्रयोगशाळाच लागते आणि आजचे पदवीधर वैद्यही तसे अहवाल मागतात.

तपासणीला सकाळी लवकर जावे. जाण्याआधी पान, कॉफी किंवा जीभ रंगवणारे काही खाऊ नये. सकाळची पहिली लघवी लागेल का, हे आधी विचारून ठेवावे. झोप, शौच, भूक आणि (स्त्रियांनी) मासिक पाळी यांची मागील पंधरवड्याची नोंद जवळ असेल तर तपासणी निम्म्या वेळात होते.

चौथी पायरी: घरी करायचे एक मंडल

सिद्ध वैद्यकात उपचाराचा कालावधी मंडलाने मोजतात आणि एक मंडल साधारण ४८ दिवसांचे धरतात. नवख्याने पहिले मंडल घरच्या चार गोष्टींना द्यावे: ताट, तेल, श्वास, झोप.

ताटाविषयीचा मूळ नियम तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथाच्या ‘मरुन्दु’ (औषध) या प्रकरणातही सापडतो: आधीचे खाल्लेले पचले आहे हे पाहून मगच पुढचे खाल्ले, तर शरीराला औषधाची गरज राहत नाही. म्हणून पहिला आठवडा फक्त भुकेची वेळ टिपून ठेवावी. जेवायची वेळ झाली म्हणून जेवलो की भूक लागली म्हणून, एवढेच लिहायचे. तेरैयरांच्या एका पद्यातील तीन सूचना तमिळ घरांत आजही ऐकू येतात: पाणी आटवून प्यावे, ताक वाढवून (म्हणजे भरपूर पाणी घालून पातळ करून) प्यावे, तूप वितळवून खावे. याच पद्यात मल आणि मूत्र हे दोन वेग कधी अडवून धरू नयेत, असेही सांगितले आहे. दिवसभर कार्यालयात किंवा गाडीवर असणाऱ्यांसाठी, विशेषतः बाहेर स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या स्त्रियांसाठी, ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची आहे असे मला वाटते.

यासाठी रोज रसम्-भात खाण्याची सक्ती नाही. तमिळ परंपरा भूमीचे पाच प्रकार मानते (डोंगर, रान, शेतजमीन, समुद्रकिनारा आणि ओसाड प्रदेश) आणि प्रत्येक भूमीचे अन्न व आजार वेगळे सांगते. त्याच न्यायाने मालवणच्या माणसाने त्याची पेज आणि सोलापूरच्या माणसाने त्याची ज्वारीची भाकरी सोडू नये, असा अर्थ मी घेते. बदलायचे ते इतकेच: रात्रीचे जेवण हलके आणि लवकर, रात्री दही नाही, आठवड्यातून दोनदा शेवग्याचा पाला, आणि पोट जड वाटेल त्या दिवशी एक वेळ फक्त पेज किंवा मुगाचे कढण. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवण टाळण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

सकाळी आले, दुपारी सुंठ, रात्री हिरडा असा एक मंडलभराचा प्रयोग तमिळनाडूत फार लोकप्रिय आहे. तो घरगुती वाटला तरी औषधच आहे. आम्लपित्त, मूळव्याधीतून रक्त जाणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल, तर तो परस्पर सुरू करू नये.

तेलाच्या आंघोळीवर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण नवख्याला सर्वांत लवकर जाणवणारा फरक मला याच उपचारात दिसला आहे. तमिळमध्ये तिला एण्णेय् कुळियल् म्हणतात. आपण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करतो, त्याच पहाटे तमिळ घरांतही तेल लावून आंघोळ होते आणि मग शेजारी एकमेकांना ‘गंगास्नानम् आच्चा?’ (गंगास्नान झाले का?) असे विचारतात. फरक इतकाच की आपल्याकडे ते वर्षातून एकदा उरले आणि तिथे जुन्या घरांतून ते आठवड्याला चालत राहिले. तेरैयर चार दिवसांतून एकदा सांगतात. रूढीने पुरुषांसाठी बुधवार आणि शनिवार, स्त्रियांसाठी मंगळवार आणि शुक्रवार असतात. नवख्याने आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी सुरुवात करावी.

तेल तिळाचे घ्यावे. तमिळमध्ये त्याचे नावच नल्लेण्णेय्, म्हणजे चांगले तेल, असे आहे आणि मुंबईत माटुंग्याच्या दाक्षिणात्य दुकानांत ते सहज मिळते. घाण्याचे ताजे तेल मिळत असेल तर अधिक चांगले. चार-पाच मोठे चमचे तेल मंद आचेवर कोमट करून त्यात चार मिरे आणि अर्धा चमचा जिरे टाकावेत, जिरे तडतडले की उतरवून निववावे. आधी टाळूला, मग कानांच्या मागे, मान, खांदे, पाठ, सांधे आणि शेवटी तळपायांना लावावे. सांध्यांवर गोल आणि लांब हाडांवर सरळ हात फिरवावा. कानात, नाकात किंवा डोळ्यांत तेल घालू नये. तसे उपचार वेगळे आहेत आणि ते वैद्याच्या हातचे आहेत. अर्धा तास थांबून कोमट पाण्याने, शिकेकाई किंवा मुगाच्या पिठाने आंघोळ करावी. त्या दिवशी मिरी घातलेले रसम् किंवा साधे वरण-भात यांसारखे हलके जेवण घ्यावे. दुपारची झोप, उन्हात फिरणे, थंड पदार्थ आणि दही टाळावे. त्या दिवशी गळून गेल्यासारखे वाटते, म्हणूनच सुटीचा दिवस सांगितला. ताप, सर्दी, दम्याचा जोर, अपचन किंवा त्वचेवर उघडी जखम असताना तेल लावू नये. मासिक पाळीतही परंपरेने टाळतात. गर्भवतींनी आधी विचारावे. ज्येष्ठांसाठी न्हाणीघरात घसरणार नाही असे आसन आणि धरायला आधार असावा, कारण तेलाच्या आंघोळीत मला सर्वांत जास्त भीती पाय घसरण्याचीच वाटते.

श्वासाच्या बाबतीत तिरुमूलरांचे ‘तिरुमंदिरम्’ १६ मात्रा श्वास घ्यावा, ६४ मात्रा धरावा आणि ३२ मात्रांत सोडावा, असे प्रमाण सांगते. ते वाचून पहिल्याच दिवशी घड्याळ लावून बसणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना चक्कर आलेलीही पाहिली आहे. ते प्रमाण गुरूजवळ वर्षानुवर्षे बसलेल्या साधकाचे आहे. नवख्याने श्वास धरूच नये. पाठ ताठ ठेवून चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि आठ अंक मोजत सोडावा. दम लागला तर तीन आणि सहा करावे. सकाळी पाच मिनिटे आणि झोपण्याआधी पाच मिनिटे पहिल्या मंडलाला पुरेशी आहेत.

झोपेसाठी दोनच नियम पाळावेत: दिवसा झोपू नये आणि रात्री डाव्या कुशीवर झोपावे.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या हातचे उपचार

शेक (ओट्रडम्) आणि वाफारा (वेदु) हे घरीही करता येतात. जुन्या सांधेदुखीवर तमिळनाडूत नोच्चि, म्हणजे आपली निर्गुडी, फार वापरतात. तिचा पाला थोड्या तेलात परतून सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी, आधी स्वतःच्या मनगटावर लावून उष्णता पाहावी आणि मग दुखऱ्या जागी दहा मिनिटे शेकावे. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर शेक देऊ नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही, त्यांनी हा उपाय टाळावा. वाफाऱ्यासाठी उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर किंवा पलंगावर कधीही ठेवू नये आणि लहान मुलांना वाफारा देऊ नये, कारण पातेले कलंडून भाजण्याचा धोका खरा आहे.

तोक्कणम् म्हणजे वैद्यकीय मर्दन. ग्रंथांत त्याच्या नऊ क्रिया आहेत: थोपटणे, आवळणे, धरणे, पिळणे, हात बांधून दाबणे, दाब देणे, ओढणे, उताणे निजवून करायची क्रिया आणि हलवणे. पक्षाघातानंतरचा ताठरपणा, मानेचे आणि कमरेचे जुने दुखणे, गोठलेला खांदा यांसाठी ते दिले जाते. वेदना आणि ताठरपणा यांत मिळणारा आराम बऱ्याच रुग्णांना जाणवतो, परंतु मोठ्या आणि काटेकोर चाचण्या या क्षेत्रात अजून थोड्याच झाल्या आहेत, हे लक्षात ठेवून अपेक्षा माफक ठेवावी. हाडे ठिसूळ झालेली असणे, ताजे अस्थिभंग, पायातील शिरेत रक्ताची गाठ, ताप, कर्करोग किंवा गर्भारपण असेल, तर मर्दनाला बसण्याआधीच तसे सांगावे.

वर्मम् हा सिद्ध परंपरेचा सर्वांत अद्भुत आणि सर्वांत जपून हाताळण्याचा भाग आहे. शरीरावरील १०८ स्थाने त्यात मानली जातात: १२ पडुवर्मम् (आघात गंभीर ठरणारी) आणि ९६ तोडुवर्मम् (त्यामानाने सौम्य). कन्याकुमारी-तिरुनेलवेली भागात ही विद्या सिलंबम्सारख्या युद्धकलांबरोबर वाढली. आघात कुठे केल्याने माणूस कोसळेल हे जाणणारा आसान (गुरू) त्याच आघातातून त्याला उठवण्याच्या क्रियाही शिकवीत असे. आज हीच स्थाने ठरावीक वेळ, ठरावीक बोटांनी, ठरावीक दाबाने हाताळून वेदनेवर उपचार केला जातो. चित्रफिती पाहून घरी दाब देण्याचा प्रयोग कोणावरही करू नये. वैद्यांनाही मानेला झटका देऊन ‘कट्’ आवाज काढू नये, असे स्पष्ट सांगावे. पहिल्या सत्रानंतर मुंग्या, अशक्तपणा किंवा वाढती वेदना आली तर पुढचे सत्र थांबवून तपासणी करून घ्यावी.

सहावी पायरी: मनाच्या आरोग्यासाठी

सिद्ध ग्रंथांत मनोविकारांना किरिगै म्हणतात आणि अगत्तियरांच्या नावावरील ग्रंथात त्यांचे अठरा प्रकार वर्णिले आहेत. मनाचे आजार शरीराच्या याच तीन दोषांशी जोडून पाहिल्यामुळे रुग्णाला दोष देण्याची वृत्ती तिथे कमी दिसते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काळजी, चिडचिड, कामाचा ताण, उशिरा लागणारी झोप अशा तक्रारींसाठी वर सांगितलेली तेलाची आंघोळ, लांब उच्छ्वास, रात्रीचे हलके जेवण आणि सकाळचे चालणे यांचा एक मंडलभर नियम करावा. तळपायांना झोपताना तेल चोळण्याने माझ्या घरातील वृद्ध व्यक्तीला झोप लागू लागली, इतका साधा उपायही सोडू नये.

परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, कशातच मन न लागणे, भास होणे, कोणी पाठीमागे लागल्याचा संशय किंवा जगण्याचा कंटाळा असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे आणि हे उपाय फक्त जोडीला ठेवावेत. अशा अवस्थेत तासन्‌तास ध्यानाला किंवा श्वास धरायला बसणे अपायकारक ठरू शकते. जीव देण्याचा विचार मनात आल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येते.

सातवी पायरी: औषधाची वेळ आलीच तर

मंडल संपल्यावर किंवा आजाराच्या स्वरूपामुळे आधीच वैद्यांनी औषध दिले, तर ते कुडिनीर (काढा), चूरणम् (चूर्ण) की पर्पम् (भस्म), चेंदूरम् (सिंदूर), चुण्णम् (भस्मासारखाच भाजून केलेला प्रकार) यांपैकी आहे, हे विचारावे. शेवटच्या तीन प्रकारांत धातू-खनिजे असू शकतात. शुद्धी नीट न झालेल्या पारा, सोमल किंवा शिशाने मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेला इजा होते. औषधे व प्रसाधने अधिनियम, १९४० खालील अनुसूची ‘ई-१’ मध्ये विषारी घटकांची यादी आहे आणि पोटात घ्यायच्या औषधात तो घटक असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. म्हणून सुटी पुडी, नाव नसलेली डबी किंवा परवाना क्रमांक नसलेली बाटली घेऊ नये. चेन्नईत ‘इम्कॉप्स’ ही १९४४ पासूनची वैद्यांची सहकारी संस्था आणि ‘टॅम्पकॉल’ हे राज्य सरकारचे महामंडळ औषधे बनवते; अशा ठिकाणची छापील वेष्टनातील औषधे मागावीत. खनिज औषध चालू असताना मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी आधी आणि नंतर करून घेण्याचा आग्रह धरावा. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांना अशी औषधे नकोत, असे माझे मत आहे. पथ्यालाही (तमिळमध्ये पत्तियम्) किती दिवस, काय वर्ज्य आणि औषध कशासोबत घ्यायचे, हे लिहूनच घ्यावे.

मधुमेह किंवा कर्करोग ‘मुळापासून बरा’ करण्याची जाहिरात जिथे दिसेल, तिथून परत फिरावे. तशा जाहिरातींना १९५४ च्या औषधी आणि जादूई उपचार कायद्याने मनाई आहे.

आठवी पायरी: वही

४८ दिवसांची एक वही करावी आणि रोज पाचच गोष्टी लिहाव्यात: झोपेचे तास, शौच, भूक, दुखण्याला दहापैकी गुण आणि त्या दिवशी काय केले. तेलाच्या आंघोळीचा दिवस वेगळ्या शाईने लिहावा, म्हणजे त्यानंतरच्या रात्रीची झोप वेगळी होती का, हे उघड दिसते. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ती वही आणि चालू औषधांचे टाचण घेऊन वैद्यांकडे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. दुखण्याचे गुण खाली आले असतील, तर कोणती गोष्ट पुढे चालू ठेवायची आणि कोणती सोडायची, हे दोघांना विचारावे. गुण तेवढेच असतील, तर वर्मम् किंवा तोक्कणम्‌ची किती सत्रे आणखी करायची आणि कोणत्या तारखेला थांबायचे, ही मर्यादा वैद्यांकडून वहीतच लिहून घ्यावी. गुण वर गेले असतील, तर त्याच आठवड्यात सांध्यांच्या किंवा मज्जातंतूंच्या तज्ज्ञांची वेळ घ्यावी आणि तीच वही त्यांच्यापुढे उघडावी.